खसखशीसाठी प्रॉपर चॅनेल

परवा फोन बंद झाला असं समजून तुम्ही दोघं बोलत होतात आणि मी इकडे पुण्यात ऐकत होते. धाकट्यानं बिस्किटांचा डबा मागितला आणि थोरलीनं माझा आवाज काढून त्याला सांगितलं, "थ्रू प्रॉपर चॅनेल, प्लीज." नक्कल बरी होती. 'प्रॉपर'वर मी इतका जोर देत नाही, एवढंच.

हे शब्द मी शोधून काढलेले नाहीत. मी ज्या सरकारी कॉलेजच्या कार्यालयात आयुष्यभर नोकरी केली, तिथे कोणाला काहीही हवं असलं, रजा, बदली, अगदी खोलीत पंखा, तर अर्जाच्या डोक्यावर हे तीन शब्द लिहावे लागत. अर्थ सोपा आहे. ज्याच्याकडे आधी मागायचं त्याच्याकडे आधी मागा, त्याला वगळून वरच्या साहेबाकडे जाऊ नका, आणि मागच्या दारानं तर मुळीच आणू नका. लोक हसत. पण रीतसर मिळालेली वस्तू वापरताना कोणाची नजर चुकवावी लागत नाही. घरीही मी तोच नियम ठेवला. तुमच्या बाबाला सहलीला जायचं असलं की आधी वर्गशिक्षकांची चिठ्ठी, मग आजोबा, मग मी. तो अजून त्याबद्दल कुरकुरतो. त्याला विचारा, एक तरी सहल चुकली का?

आता सिंगापूरबद्दल. तुमच्या घरात ती हकीकत निम्मीच सांगितली जाते आणि तिच्यात मी विनोदी पात्र असते. म्हणून पूर्ण लिहिते.

तेव्हा तुम्ही पुंगोलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतात. खिडकीसमोरून एलआरटीची छोटी गाडी गोल गोल फिरायची, आणि ती दिसल्याशिवाय धाकटा घास तोंडात घ्यायचा नाही. वरणभात गार व्हायचा. मी तीनेक महिन्यांसाठी आले होते. घरात एकच विषय होता. तुमच्या बाबानं पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहू द्यावं म्हणून, अर्ज केला होता आणि उत्तराची वाट बघणं चाललं होतं. तुमच्या आईचा सगळा जीव त्यात अडकला होता. पाण्याच्या काठाला एक इमारत होती, तिच्यातला एक फ्लॅट तिनं बघून ठेवला होता. पीआर मिळाला तर तो घेता येणार होता, नाहीतर नाही. रोज संध्याकाळी बाबागाडी ढकलत ती मला मुद्दाम त्याच बाजूनं फिरायला नेई आणि खालूनच बोट दाखवी, "आई, ती स्वयंपाकघराची खिडकी. देव्हारा आतल्या भिंतीला." मी म्हणे, आधी उत्तर येऊ दे. ती म्हणे, "हो, येऊ दे ना," आणि पुन्हा वर बघत उभी राही.

त्या वर्षी अधिक आषाढ होता. तुमच्या साताऱ्याच्या आजी त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात सासूनं जावयाला वाण द्यायचं असतं. तेहतीस अनारसे आणि वर दिवा. जावयाला विष्णू मानायचं असतं म्हणे. माझ्या मुलात मला कधी विष्णू दिसला नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकणारा विष्णू कुठल्या पुराणात नसावा. पण त्याच्या सासूबाईंची श्रद्धा पक्की. मागच्या अधिक महिन्यात त्यांना येता आलं नव्हतं, म्हणून या वेळी त्यांनी त्यासाठी पासपोर्ट काढला.

अनारसा तुम्ही खाल्लाय, पण केलेला पाहिला नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कुटायचे, गूळ घालून गोळा मुरवायचा. पारी थापायची ती खसखशीवर, आणि तळताना खसखशीची बाजू वर. जाळी पडली तर जमला. तुपात गेल्यावर फुटून पसरला, तर म्हणायचं अनारसा हसला. हसलेला अनारसा जावयाला देत नाहीत.

साताऱ्याहून फोन आला. "ताई, पीठ मुरायला टाकलंय. येताना गोळा आणि खसखस घेऊन येते. तिथं गरमागरम तळू."

तुमच्या आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "आई, खसखस आणायची नाही. इथे बंदी आहे."

"खसखशीला? का, काय केलं तिनं?"

"अफूच्या झाडाची असते ना ती."

"अगं, बाळंतपणात ताटभर खीर खायचीस खसखशीची. झिंगलीस का कधी?"

मलाही आधी पटलं नाही. तुमच्या बाबानं सरकारी पान उघडून दाखवलं, तेव्हा गप्प बसले. पण बंदी आहे म्हटलं की माझ्या मनात पुढचा प्रश्न येतो, परवानगी कोण देतं? इतक्या वर्षांच्या नोकरीत परवानगीची सोय नसलेली बंदी मला भेटली नव्हती. कुठलं तरी टेबल असतंच.

बाकीच्यांना टेबल नको होतं. खाली खेळायच्या जागेत संध्याकाळी आपल्या मराठी बायका जमत. सगळ्या शिकलेल्या, निम्म्या तर इंजिनिअर. एक नाशिकची होती, ती म्हणाली, "काकू, गोडा मसाल्यात मिसळून आणायला सांगा. इथे आल्यावर चाळणीनं चाळून घ्यायची."

"आणि तिला मसाल्याचा वास लागेल तो?"

"काकू, अनारसा थोडा खमंग लागेल."

दुसरी म्हणाली, बाळाच्या डायपरच्या पाकिटात ठेवा, तिथे कोणी हात घालत नाही. जावयाचं वाण, डायपरमधून! आणि हे सांगताना कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. ऑफिसात लाखो लोकांच्या बँकेच्या हिशेबांची राखण करणाऱ्या मुली या. मी विचारलं, "सरळ विचारलं का कोणी कधी?" त्या एकमेकींकडे बघून हसल्या. तुमची आई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "आई, विषय सोडा ना. तिळावर करू."

मी सोडला नाही. शनिवारी आपण सगळे लिटिल इंडियात गेलो तेव्हा तिथल्या मोठ्या वाणसामानाच्या दुकानात मी दुकानदाराला स्वच्छ इंग्रजीत विचारलं, खसखस रीतसर मिळवायची तर प्रॉपर चॅनेल काय आहे? त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग हिंदीत म्हणाला, "माँजी, धीरे." मी म्हटलं, धीरे कशाला, मी चोरून मागत नाहीये. आजूबाजूच्या चार बायका वळून बघायला लागल्या. तुमची आई शेवग्याच्या शेंगा हातात घेऊन दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली, जणू आमची ओळख नाही. आणि थोरले, तू माझा पदर ओढून तिथल्या इंग्रजीत म्हणालीस, "आजी, कॅनॉट ला. एव्हरीवन लुकिंग." तू सात वर्षांची होतीस. तुलासुद्धा माझी लाज वाटत होती आणि मागच्या दाराची वाटत नव्हती.

सोमवारी मी अमली पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी कार्यालयालाच फोन लावला. फोनवर एक तरुण मुलगा होता, अतिशय सभ्य. किती आणायची आहे, त्यानं विचारलं. मी म्हटलं, दोन मोठे चमचे. कशासाठी? धार्मिक कारणासाठी, जावयाला द्यायच्या तेहतीस गोड पदार्थांना लावण्यासाठी.  मग त्यानं मला थांबायला सांगून संगीत लावलं. परत आल्यावर म्हणाला, परवानगीची पद्धत आहे, नमुना तपासायला द्यावा लागतो, पण ते बहुधा व्यापारी करतात, आणि दोन चमच्यांसाठी, आंटी, तीळ चालणार नाहीत का?

मी म्हटलं, चालतील की नाही ते आम्ही ठरवू, तुम्ही पद्धत सांगितलीत याबद्दल आभारी आहे. बघा, टेबल होतं! मग फोन ठेवण्यापूर्वी त्यानं विचारलं म्हणून नाव आणि पत्ता सांगितला.

तुमची आई पोळ्या करत होती. तिनं गॅस बंद केला. "आई, तुम्ही पत्ता दिलात? आपला?"

"नाव न सांगता फोन करायला मी काय चोर आहे?"

"अर्ज आत पडलाय आपला. नार्कोटिक्सवाल्यांना फोन करून तुम्ही आपला ब्लॉक नंबर दिलात!"

तुमचा बाबा तेवढ्यात घरी आला आणि सगळं ऐकून खो खो हसला. "काळजी करू नकोस गं. पोलीस आले तरी थ्रू प्रॉपर चॅनेलच येतील." त्या माणसाला विनोद कधी करू नये ते कळत नाही, हे आजोबांकडून आलंय. तुमच्या आईनं गॅस पुन्हा पेटवला आणि उरलेल्या पोळ्या लाटायला घेतल्या.

नमुना तपासण्याइतका वेळ नव्हता, तेव्हा मी स्वतः साताऱ्याला स्पष्ट सांगितलं. खसखस आणायची नाही. कळलं? "कळलं, ताई." अजिबात नाही. "अजिबात नाही." विषय संपला. त्यांना गरज पडली तर असावा म्हणून तुमचा पूर्ण पत्ताही मी त्यांच्याकडून पाठ करून घेतला.

त्या निघाल्या त्या दिवशी मुंबईच्या विमानतळावरून त्यांचा फोन आला. आवाज अगदी आनंदात. "ताई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं बरं का. खसखस नाही आणली. अनारसे इथंच तळले. तयार डबा हातातच घेतलाय."

मी विचारलं, "खसखस लावून?"

"आता खसखशीशिवाय कसला अनारसा?"

यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा. तळलेली खसखस ही खसखस धरायची की नाही, हे मी त्या सभ्य मुलाला विचारलंच नव्हतं, कारण असा प्रश्न जगात कोणाला पडेल असं मला वाटलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. तुमचा बाबा म्हणाला, "आई, तिथेच टाकून द्या."

"जावयाचं वाण टाकून देऊ? आणि हे जावईच सांगतायत?"

तुमची आई म्हणाली, "मग विमानात वाटून टाक."

"वाटून टाकायला ते वाण आहे का चिवडा?"

"बरं, मग असं करा," तुमचा बाबा म्हणाला, "काही बोलू नका. गर्दीबरोबर सरळ चालत बाहेर या. तयार मिठाई आहे, कोण विचारतंय?"

तेव्हा माझा तोल गेला. कोण विचारतंय! हा माझा मुलगा, सहलीसाठी चिठ्ठ्या आणणारा! मी फोन हातात घेतला आणि विहीणबाईंना सांगितलं, की टाकायचं नसेल तर एकच रस्ता आहे. उतरल्यावर पहिला गणवेशातला अधिकारी दिसेल त्याच्यासमोर डबा ठेवायचा आणि आपणहून सांगायचं. एक इंग्रजी वाक्य मी त्यांना शिकवलं, या गोडात खसखस आहे, कृपया तपासा. त्यांनी ते आठ-दहा वेळा म्हटलं. मग विचारलं, "शेवटी ते तुमचं पण लावू का, प्रॉपर चॅनेल?"

"नको. आहे तेवढं पुरे."

विमान उतरायच्या वेळी आपण सगळे टॅक्सीनं चांगीला निघालो. रस्ताभर तुमची आई खिडकीबाहेर बघत होती. विमानतळ जवळ आल्यावर माझ्याकडे न वळता म्हणाली, "आई, तुमचं बरोबर असेल. नेहमीच असतं. पण तुमच्या बरोबर असण्याला आमचाच अर्ज का लागतो?"

उत्तर माझ्याकडे होतं. लपवून आणताना सापडल्या असत्या तर त्या अर्जाचं काय झालं असतं, हे तिनं स्वतःला विचारायला हवं होतं. पण ते ऐकायच्या मनःस्थितीत ती नव्हती, म्हणून मी बोलले नाही. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिथे सामानाच्या पट्ट्यांपर्यंत काचेतून दिसतं. तुमच्या साताऱ्याच्या आजी दिसल्या, नऊवारी, पायात नवे पांढरे बूट, आणि नैवेद्य धरावा तसा दोन्ही हातांत पितळी डबा. इकडे तिकडे कुठेही न बघता त्या सरळ एका अधिकाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तो वाकला. त्यांनी झाकण उघडलं. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं एका बाईंना. तिघंही डब्यात डोकावत होते. विहीणबाई हवेत पारी थापून दाखवत होत्या, मग तळून. मग ते सगळे त्यांना घेऊन एका दारातून आत गेले.

तुमच्या आईनं काचेला तळहात लावला होता. थोरले, तू विचारलंस, "आर दे अरेस्टिंग सातारा आजी?"  तुमचा बाबासुद्धा हसत नव्हता. आजूबाजूची माणसं आपापल्या पाहुण्यांना घेऊन निघून गेली, पट्टा थांबला, आणि आपण तिथेच. मला आठवतं, मी त्या दारावर असं डोळे लावून बघत होते की माझ्या बघण्यानंच ते उघडणार होतं.

उघडलं एकदाचं. त्या एकट्या बाहेर आल्या, काखेत डबा. रिकामा.

"अनारसे ठेवून घेतले," त्या म्हणाल्या. "माणसं चांगली होती. त्यांच्यातली बाई मला बसायला खुर्ची देत होती. पण डबा पण ठेवायला लागले. म्हटलं, डबा माझ्या सासूचा आहे, तो नाही मिळणार. मग पुसून दिला बघा, कागदानं. आणि ताई, मी ते प्रॉपर चॅनेल पण म्हटलं शेवटी. त्यानं जरा वजन येतं."

"अजून काय विचारलं?" तुमच्या आईनं घाईघाईनं विचारलं.

"कुठं राहणार ते. मी सांगितला की सगळा पत्ता, ब्लॉकसकट. ताईंनी पाठ करून घेतला होता ना."

तुमच्या आईनं डोळे मिटले.

परतीच्या टॅक्सीत विहीणबाई रिकामा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मधेच एकदा म्हणाल्या, "तेहतीस अनारसे, ताई. एकसुद्धा हसला नव्हता." वाण शेवटी लिटिल इंडियातल्या बत्ताशांवर भागवलं. जाळीदार असतात, चालतात. तुमच्या बाबानं ते दोन दिवसांत संपवले आणि त्याला फरक कळला नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी पुण्याला परतले, त्याही साताऱ्याला गेल्या, आणि बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. नाही.

फोनवर तुमच्या आईनं एवढाच शब्द सांगितला. मी विचारलं, कारण काय दिलंय? "कारण देत नाहीत, आई." मी म्हटलं, मागा. कॉलेजात आम्ही कोणाला पंखा नाकारला तरी खाली कारण लिहून देत होतो. तुमच्या बाबानं मागितलंही. उत्तर आलं, अर्जाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला आहे. याला कारण म्हणतात? इतकं शिस्तीचं सरकार, रस्त्यावर पान पडलं तर उचलणारं, आणि माणसाला का नको म्हटलं ते सांगायला एक ओळ नाही. मला आजही त्याचा राग येतो.

त्याहून राग कशाचा आला, सांगते. तुमच्या आईनं मला काहीच म्हटलं नाही. फोनचं नाही, पत्त्याचं नाही, डब्याचं नाही. दर रविवारी नेहमीसारखा फोन, पाऊस कसा आहे, गुडघा कसा आहे. मी वाट बघत होते. बोलून टाकलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, भांडण झालं असतं, संपलं असतं. न बोललेल्या आरोपाला उत्तर कसं द्यायचं? शेवटी मी साताऱ्याला फोन लावला आणि म्हटलं, तुमच्या मुलीच्या मनात आहे की माझ्यामुळे झालं.

"तुमच्यामुळं कसं?" विहीणबाई म्हणाल्या. "डबा कुणाच्या हातात होता? माझ्या. तोंड कुणाचं होतं? पोरीचं घर गेलं असंल तर माझ्यापायी गेलं."

"वाक्य मी शिकवलं होतं."

"शिकवलं म्हणून मी म्हणायलाच पाहिजे होतं का? मला नको वाटलं असतं तर आले असते गपचूप बाहेर. मी काय लहान आहे?"

"आणि त्या कार्यालयाला फोन? तो तर मी केला, नाव देऊन."

"फोनात खसखस होती का?"

आम्ही अर्धा तास भांडलो. त्या ऐकायलाच तयार नाहीत. मी केलेल्या गोष्टीची जबाबदारी त्या ढापायला निघालेल्या, आणि वर मलाच समजावत होत्या. नंतर त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं की दोष त्यांचा. मला कळल्यावर मीही केला, नाहीतर त्यांचंच खरं धरलं गेलं असतं. असं दोन-तीन आठवडे चाललं.

एका रविवारी तुमची आई एकदम ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "तुम्ही दोघी समजता काय स्वतःला? त्यांच्याकडे इतके अर्ज येतात. कोणी साहेब अनारसा समोर ठेवून बसला होता असं वाटतं का तुम्हाला? मला माहीत नाही का झालं ते. तुम्हालाही नाही, आईलाही नाही, कोणालाच नाही. आणि मला दोष कोणाचा ते नकोच आहे." मग तिचा आवाज बदलला. "मला तो फ्लॅट हवा होता, आई. बाकी काही नाही. मला हवा होता तो."

आणि ती रडायला लागली. मला नेहमी काहीतरी बोलायला सुचतं, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा मी नुसती फोन कानाला धरून उभी राहिले.  मागे धाकटा कशासाठी तरी हट्ट करत होता आणि तुमचा बाबा त्याला हळू आवाजात समजावत होता.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "हा विषय आता बंद. साताऱ्याला तुम्ही सांगाल का? माझं ऐकत नाही ती."

मी म्हटलं, सांगते. लगेच फोन लावला. साताऱ्याचा नंबर व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. त्या त्याच वेळी तुमच्या आईला लावत होत्या.